ऐन बर्फाचे दिवस

सहली ठरवून देणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, ऐन बर्फात कुणी जातं का तिकडे? त्या घाटात पुढे बर्फ काढणारी गाडी असते आणि तिच्यामागून मुंगीच्या पावलाने तुमची बस. ना डोंगर दिसणार, ना तळी."

"तेच दिवस धरा," काका म्हणाले. काकूंनी मान डोलावली.

"अहो, एवढ्या लांब जाऊन त्या गाडीची पाठ बघत बसणार?"

"त्या घाटातली गाडी आमची धाकटी चालवते." काकांनी उगाच कॉलर सारखी केली. "मी बस चालवायचो, तेव्हा शाळा सुटली की माझ्या मागच्या सीटवर येऊन बसायची. आता तिच्या मागे बसायचा मान माझा."