दृष्टीचा बाहुला

सरूबाईचा नवरा धर्माजी नवघरच्या टॉवरच्या परांचीवरून पडून गेला. घरी बसून भागणार नव्हतं. दिवसकार्य उरकलं आणि ती त्याच टॉवरवर पुन्हा भिंतींना पाणी मारायच्या कामाला लागली. तो जिथून पडला, तिथल्या ताज्या प्लास्टरलाही तिनेच पाणी मारलं.

आज सकाळी सुपरवायझर दिपेश चाचरत म्हणाला, "मावशी, काकांचे जुने कपडे असतील तर द्या ना. मोठे पाहुणे येतायत, त्याच्या आधी दृष्टीचा बाहुला टांगायचाय. नजर लागलीय बिल्डिंगला."

तिने पत्र्याच्या खोलीतून निळा शर्ट आणि पँट आणून दिली. धुतलेलेच होते. पोरांनी आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबल्या, वर डोळे-मिशा काढलेलं काळं मडकं बसवलं आणि बाहुला पार वरच्या मजल्याबाहेर टांगला.

खाली मंडपात पाहुणे माइकवर सांगत होते, की देशाची प्रगती बघायची असेल तर अशा इमारतींकडे मान वर करून बघा. टाळ्या पडल्या. सरूबाईनेही वाजवल्या. मग तिने मान वर केली. खाडीकडून वारं सुटलं होतं. निळा शर्ट फुगून झोके घेत होता.

"पडणार नाय ना रे?" तिने दिपेशला विचारलं.

"छे हो मावशी," तो म्हणाला, "सेफ्टी बेल्ट लावलाय त्याला."