पाणकावळे गेले त्यानंतर

नामाजी भोई होडी घेऊन काठाला लागला, पण खाली उतरेना.

"उतरा की," केराबाई म्हणाली.

"हे आपलं गाव न्हाई."

नवरा थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिने त्याचा भेदरलेला चेहरा पाहिला.

धरणातल्या बेटावर पाणकावळे फार माजले होते. त्यांच्या विष्ठेने झाडं वाळून पांढरी पडली, जाळ्यात मासा येईना. म्हणून मच्छीमार सोसायटीने बेटावर यंत्र बसवलं. पाखरांना घराची दिशा दाखवणारी मेंदूतली खूणच ते पुसून टाकायचं. माणसाला काही होत नाही, असं यंत्र बसवायला आलेले साहेब सांगून गेले होते. पाणकावळे निघून गेले, करंजांना पालवी फुटली, मासाही वाढला. नामाजी दिवसभर त्या बेटालगतच जाळं टाकायचा.

केराबाईने त्याला हाताला धरून घरी आणलं. तो दारातच थबकला.

"तू माझी केरा, हे कळतंय मला. पण हे घर कुणाचं?"

बायको ओळखतो, मग घर का नाही? मग तिला बेटावरचं यंत्र आठवलं. दुसऱ्या दिवशी ती बेटावर गेली आणि तिने यंत्राच्या तारा उपटल्या. सोसायटीची माणसं तिच्यावर तुटून पडली.

महिन्याभरात पाखरांच्या मेंदूतली खूण पुन्हा उमटली आणि पाणकावळे आपापल्या झाडांवर परतले. नामाजी मात्र रोज दारात अडखळायचा.

"या, आत या," केराबाई म्हणायची.

एके संध्याकाळी त्याने संकोचून विचारलं, "इथं किती दिवस ऱ्हायचं?"

"तुम्हाला वाटंल तितकं ऱ्हावा," ती म्हणाली आणि तिने त्याचं ताट वाढलं.