शॉर्टस्टॉपची जागा

बेसबॉलच्या मैदानात एलिसेओने बॅट फिरवली की चेंडू भिंतीपलीकडे गेलाच म्हणून समजा. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली शॉर्टस्टॉपची जागा चपळ माणसाची, आणि हा गडी रेड्यासारखा दांडगा. अमेरिकेतल्या त्याच्या संघात नवा मॅनेजर आला की त्याला ऐकवायचाच, "वय झालं तुझं. आता जरा तिसऱ्या बेसकडे सरक."

"मला इथून हलवायचं तर ऊस उचलायची क्रेन आणा," एलिसेओ म्हणायचा, आणि पाय रोवून तिथेच उभा राहायचा.

हंगाम संपला तसा तो डोमिनिकन रिपब्लिकमधल्या आपल्या गावी, साखर कारखान्याच्या वस्तीत परतला. रविवारी मैदानात मॅच होती. ग्लोव्ह चढवून तो ऐटीत आपल्या जागेकडे निघाला, तर तिथे निकासिया मावशी आधीच उभी. लहानपणी त्याला चेंडू अडवायला शिकवलं होतं ते हिनेच.

"मावशी, वय झालं गं तुझं," तो लाडात म्हणाला. "जरा तिसऱ्या बेसकडे सरक की."

मावशीने तोंडातला उसाचा चोथा बाजूला थुंकला.

 

"क्रेन आणलीयस का?"