पुढचा रोलर

महादेवराव आणि धर्मेंद्र या दोघा मित्रांनी खापरखेड्यात मिळून बोट बांधली होती. पण तलावातून ट्रेलरवर चढवताना तिचं नाक पुढच्या रोलरखाली अडायचं. एकानं ते उचलायचं, दुसऱ्यानं दोर ओढायचा.

"भाऊ, रोलर जरा सरकवून द्या नं. तुमची कंबर दुखते, मले पाहवत नाही," धर्मेंद्र म्हणाला.

महादेवरावांचा जीव सुखावला. दुपारभर खपून त्यांनी रोलर नेमका बसवला. संध्याकाळी धर्मेंद्रनं एकट्यानं दोर ओढला आणि बोट अलगद वर चढली. दोघं पोरांसारखे हसले.

दुसऱ्या दिवशी बोटीची शेड रिकामी होती. महादेवरावांनी घाबरून फोन लावला.

"बोट कुठी आहे गा?"

"माझ्यापाशी. गोसीखुर्दले आलो, आता इकडंच चालवीन."

"अन् मी?"

"मी तर मागच्या वर्षीच निघणार होतो, भाऊ. एकट्यानं चढवता येत नव्हती, म्हणून थांबलो."