सुधारलेला निबंध

निबंध बाईंनी तपासले नाहीत. नावं झाकून त्यांनी ते वर्गातच एकाचा दुसऱ्याला असे तपासायला वाटले. "आधी एक चांगली गोष्ट लिहा, मग सूचना. हातचं राखू नका," एवढं सांगून त्या खुर्चीत टेकल्या.

तासाच्या शेवटी एका मुलीचा निबंध तिच्याकडे परत आला. 'न विसरता येणारा दिवस' असा विषय होता. आई घर सोडून गेली, तो दिवस तिने लिहिला होता. जसा घडला तसा. आईने गॅस बंद केला, धाकटीच्या फ्रॉकचं मागचं बटण लावलं, बॅग उचलली आणि गेली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, तेवढाच काय तो आवाज.

खाली हिरव्या शाईत कुणीतरी लिहिलं होतं : 'अक्षर छान. पण खरं वाटत नाही. आई जाते आणि कोणीच रडत नाही, असं कुठे असतं का? बाबांच्या तोंडी निदान एक वाक्य हवं. शेवट गोड करता आला तर बघ.'

मुलगी कागद घेऊन टेबलापाशी गेली. "बाई, पण हे असंच झालं होतं."

"झालं असेल गं." बाईंनी हजेरीतून मान वर केली नाही. "वाचणाऱ्याला पटायला नको? सूचना दिल्यात ना, तसं सुधारून आण."

मुलीने सुधारलं. धाकटीला हमसून हमसून रडवलं. बाबांना पेपर टाकून दारापर्यंत आणलं आणि त्यांच्या तोंडी 'जाऊ नकोस' घातलं. आईला अर्ध्या जिन्यातून परत फिरवलं.

बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरच्या दोघींनी डोळे पुसले. दहापैकी नऊ गुण मिळाले. "वडिलांची सही घेऊन ये," बाई म्हणाल्या.

बाबा एरवी न वाचताच सही करायचे. त्या संध्याकाळी पेन हातात धरून ते वाचत बसले.

"हे मी म्हणालो?"

"वर्गाने सुचवलं, बाबा. खरं वाटावं म्हणून."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. धाकटी आत एकटीच काहीतरी गुणगुणत होती.

"एवढंच म्हणायचं होतं होय," ते म्हणाले. मग सही कुठे करायची, ते त्यांनी मुलीला दोनदा विचारलं.