पंचेचाळीस जीबी

"तुझ्या संसारात माझी लुडबूड कशाला?" म्हणत बाबा कधी लेकीकडे राहायला येत नसत. आज मात्र फोनवर ठासून म्हणाले, "घरचे जुने व्हिडिओ पंचेचाळीस जीबी भरलेत. नेटवरून पाठवायला तीन दिवस जातील. त्यापेक्षा मीच डिस्क घेऊन येतो."

नेटवर्क इंजिनिअर असलेल्या लेकीने मनातल्या मनात आठाने भागलं. बाबांचं कनेक्शन शंभर मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तासाभरात काम फत्ते! बाबांचं गणित साफ चुकलं होतं.

"खरंय बाबा, नेटच्या नादी लागू नका. तुम्हीच या," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि तिला एकदम हसू फुटलं. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे तिला शिकवलं होतं ते बाबांनीच.