मागची दोन चाकं

क्लोव्हिसनं पिकअपच्या मागच्या एक्सलचं झाकण काढलं. काळं तेल खालच्या घमेल्यात गळायला लागलं. डेल्मर वाकून बघत होता. त्याची बायको इमोजीन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. ऑगस्टचा उकाडा असूनही तिच्या अंगात स्वेटर होता. गॅरेज क्लोव्हिसचं, आणि क्लोव्हिस तिचा चुलतभाऊ.

"दाते शाबूत आहेत," क्लोव्हिस म्हणाला. "आता सांग, कुठला बसवू?"

बाकड्यावरच्या दोन खोक्यांत दोन तऱ्हेचे डिफरन्शियल होते, मागच्या दोन चाकांना इंजिनचा जोर वाटून देणारे. गेल्या आठवड्यात घराखालच्या पिवळ्या मातीच्या चढणीवर पिकअप अडकली होती. मागचं एक चाक घळीवर लटकून गरागरा फिरत राहिलं आणि दुसरं जागचं हललं नाही. त्या दिवशी इमोजीनचं डायलिसिस चुकलं. पुढच्या खेपेपर्यंत तिला धड श्वास घेता येत नव्हता.

"हा आपोआप लॉक होतो," क्लोव्हिसनं जड खोक्यावर हात ठेवला. "बटण नाही, काही नाही. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. तुमची चढण खेचरासारखा चढेल. पण आहेही खेचरच. डांबरावर वळताना टकटक वाजतो. लॉक सुटताना असा हिसका देतो की कमरेत लाथ बसावी. पावसात मागची बाजू कधी सरकेल सांगता येत नाही. शिकारीच्या गाडीला ठीक आहे. ही तुझी रोजची गाडी."

"आणि तो दुसरा?"

"तो गरीब स्वभावाचा. वाजत नाही, हिसकत नाही. पण चाक हवेत गेलं की तोही हात टेकतो."

डेल्मर दोन्ही खोक्यांकडे बघत राहिला. घरापासून डायलिसिसच्या सेंटरपर्यंत सगळा वळणांचा रस्ता. परतताना इमोजीन काचेला डोकं टेकून बसे आणि खड्डा आला की ओठ घट्ट मिटे. तो इतका हळू वळवायचा की मागून कोळशाचे ट्रक हॉर्न मारायचे.

"हिला हिसके सोसायचे नाहीत," तो म्हणाला.

"मग चढणीचं काय?"

"तेच तर."

"लॉक होणारा बसव," इमोजीन खुर्चीतून म्हणाली.

"अगं, प्रत्येक वळणाला त्रास होईल तुला."

"वळणं लागणार नाहीत. मंगळवारी मी डॉक्टरांना सांगितलं. आता डायलिसिसला यायची नाही म्हणून."

कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर आपला आपण सुरू झाला. भरला, थांबला.

"मला नाही सांगितलंस," डेल्मर म्हणाला.

"तू गाडी आणायला गेला होतास."

त्यानं मान हलवली. गाडी आणायला तो गेला होता, हे खरंच होतं. सावलीत लावली होती ती, आत गारवा राहावा म्हणून.

"मग रोजची गाडी कुठली राहिली रे आता?" इमोजीन क्लोव्हिसला म्हणाली. "मला एकदाच वर जायचंय. आईशेजारी."

त्यांच्या घराच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, तिच्या माणसांची दफनभूमी होती. तिची आई गेली तेव्हा शववाहिनी पहिल्याच वळणावर रुतली. पुढं शवपेटी माणसांनी खांद्यावर नेली. त्यात क्लोव्हिस होता.

"काकूला नेलं ना आम्ही वर," तो हळूच म्हणाला.

"नेलंत. दोनदा चिखलात टेकवून. तुझा भाऊ घसरला आणि तिथंच शिव्या द्यायला लागला. पाद्रीबाबा आकाशाकडे बघत उभे. माझं तसलं नको. ह्या पिकअपमधून न्या, सरळ."

"हिसके बसतील," डेल्मर म्हणाला.

"तेव्हा मला काय कळणार आहे, डेल्मर?"

क्लोव्हिसला हसू आलं. ते अर्ध्यावरच राहिलं. तो बराच वेळ चिंधीला हात पुसत बसला.

डेल्मरनं जड खोकं उचललं. आडवं धरलं, उभं धरलं, बाजूवर छापलेलं वाचलं. वाचलेलं काहीच आत गेलं नाही.

"ह्याला तेल कुठलं लागतं?" त्यानं विचारलं.

क्लोव्हिसनं सांगितलं. डेल्मरनं पुन्हा विचारलं. क्लोव्हिसनं पुन्हा सांगितलं.

"मग हाच बसव," डेल्मर म्हणाला आणि खोकं त्याच्या हातात दिलं.

इमोजीन उठली. भिंतीला धरत धरत खिडकीपाशी गेली. तिथं कट्ट्यावर टोमॅटो पिकायला ठेवले होते.

"तुझ्या परसातले?"

"हो. ने की हवे तेवढे," क्लोव्हिस बोलून गेला. मूत्रपिंडं गेल्यापासून टोमॅटो, बटाटा, केळं, सगळं तिला बंद होतं, हे घराण्यात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून डेल्मरनं दारचे वेलसुद्धा उपटून टाकले होते.

तिनं एक टोमॅटो उचलला, देठापाशी वास घेतला. डेल्मरचा हात सवयीनं तो काढून घ्यायला पुढं आला. तसाच थांबला.

मग त्यानं खिशातला चाकू काढला. पातं पँटवर पुसलं. तिच्या हातातला टोमॅटो घेऊन स्वतःच्या तळव्यावर ठेवला आणि मधोमध कापला. रस मनगटावरून ओघळला.

"क्लोव्हिस," तो म्हणाला, "मीठ आहे का रे?"